इंजिनाचा श्वास आणि दीड इंची नळी

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू गाड्यांचा माणूस, गाड्यांवर दहा मिनिटं बोल." दहा मिनिटांत अख्खी गाडी काही मावत नाही. म्हणून मी गाडीचा एकच भाग निवडला, तोही सगळ्यात दुर्लक्षित. गाडीखाली लोंबणारी, चिखलानं माखलेली, गंजलेली धुराची नळी. आपण सगळे तिला सरसकट सायलेन्सर म्हणतो. खरं तर सायलेन्सर हा त्या नळीच्या मधला डबा. जुन्या गाडीला ही नळी किती इंची बसवावी, एवढंच मी आज सांगणार आहे.

हा विषय निवडण्याचं कारण आहे. आपल्या बोरीत, जिंतुरात, झरीकडच्या वाड्यावस्त्यांवर अजून गोठ्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या गाड्या उभ्या आहेत. कुणाच्या वडिलांची जीप, कुणाच्या मामांची ॲम्बेसिडर, आणि सगळ्यात जास्त ती पद्मिनी. आता मुलं नोकरीला लागली, हातात चार पैसे आले, की पहिला विचार येतो, "बाबांची गाडी चालू करू." गाडी गॅरेजला जाते आणि तिथं पहिली हौस होते ती सायलेन्सरवर. "जरा मोठा पाइप टाका, आवाज दमदार आला पाहिजे." मी आयटीआय करून मुंबईला गेलो, टॅक्सींच्या गॅरेजात हात काळे केले, मग परभणीला येऊन स्वतःचं शेड टाकलं. इतक्या वर्षांत ही मागणी किती वेळा ऐकली, त्याचा हिशेब नाही.

पद्मिनीबद्दल दोन शब्द सांगतो, कारण पुढचा हिशेब तिच्यावरच करायचा आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानं ही गाडी बनू लागली. १९६४ साली ती फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, आणि १९७४ पासून तिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या. आमच्यासारख्यांनी त्या दिवशी गॅरेजात चहा जरा शांतपणे घेतला.

या गाडीचं इंजिन चार सिलिंडरचं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची चाल ७५ मिलिमीटर. आता नववी-दहावीत फळ्यावर वर्तुळाचं क्षेत्रफळ काढलं होतं ते आठवा. ते क्षेत्रफळ गुणिले ७५, गुणिले चार सिलिंडर, की उत्तर येतं १०८९ घन सेंटिमीटर. गाडीच्या कागदावर १०८९ सीसी लिहिलेलं असतं ते हेच. ताकद साधारण ४० हॉर्सपॉवर. आजकालच्या साध्या छोट्या गाडीलाही याहून जास्त असते.

इंजिन म्हणजे श्वास घेणारं जनावर. हवा आत ओढायची, पेट्रोलबरोबर जाळायची, जळलेलं बाहेर टाकायचं. बाहेर टाकण्याची वाट अरुंद असेल तर जळका धूर पूर्ण निघत नाही, तो थोडा आतच राहतो, आणि तेवढी ताजी हवा कमी येते. हे सगळ्यांना पटतं. म्हणून सगळे म्हणतात, "मग मोठीच नळी टाका की!" गडबड इथंच आहे.

शेतकऱ्याच्या पोरांना मी हे पाटाच्या पाण्यावरून सांगतो. विहिरीवरची मोटर तीच, पाणी तेवढंच. पाट अगदी चिंचोळा केला तर पाणी तुंबतं आणि कडेनं फुटतं. बेतशीर केला तर पाणी सळसळत शेवटच्या सरीपर्यंत जातं. आणि पाट दुप्पट रुंद केला तर? पाणी पसरतं, रेंगाळतं, वाटेतच जिरतं. मोटर तीच, पण शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. धुराच्या नळीत जिरणं नसतं, पण रेंगाळणं असतं, आणि खरा मुद्दा तोच आहे.

धूर नळीत सलग वाहत नाही. चार सिलिंडर आळीपाळीनं धक्के देतात. एक धक्का वेगानं पुढं गेला की त्याच्या मागं किंचित ओढ तयार होते, आणि ती ओढ पुढच्या सिलिंडरमधला धूर बाहेर काढायला मदत करते. वेग असेल तर ओढ असते. वेग मेला की ओढही मेली. काही मिस्तरी सांगतात, "इंजिनाला थोडा उलटा दाब लागतोच." हे अर्धवट आहे. इंजिनाला उलटा दाब कधीच लागत नाही. त्याला धुराचा वेग लागतो. नळी लहान केली की वेग वाढतो आणि त्याबरोबर दाबही वाढतो, म्हणून लोकांना वाटतं दाबामुळं गाडी चांगली चालली.

आता हिशेब करू. पद्मिनीचं इंजिन जास्तीत जास्त ताकद देतं मिनिटाला ४८०० फेऱ्यांच्या आसपास. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं, म्हणजे मिनिटाला २४०० श्वास. गुणिले १०८९ सीसी, म्हणजे २६०० लिटर हवा. सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाही, म्हणून ८० टक्के धरू. सेकंदाला झाली सुमारे ३५ लिटर. पण बाहेर पडताना ही हवा ६०० अंशांच्या आसपास तापलेली असते, आणि तापलेली हवा फुगते. जवळपास तिप्पट. म्हणजे सेकंदाला १०० लिटर धूर नळीतून जाणार.

दीड इंची नळी घेतली, तर पत्र्याची जाडी वजा करून आतला व्यास ३५ मिलिमीटर राहतो. धुराचा वेग निघतो सेकंदाला साधारण १०४ मीटर. पावणेदोन इंचीला ७४ मीटर. दोन इंचीला ५५ मीटर. आणि सव्वा इंचीला थेट १५० मीटरवर जातो, तिथं मात्र नळी खरोखर गळा दाबते. मी माझ्यापुरता ठोकताळा असा ठेवला आहे: पूर्ण रेसला वेग ७५ ते १०० मीटरच्या आसपास असावा. त्या हिशेबानं पद्मिनीला दीड इंची नळी योग्य. फार तर पावणेदोन. दोन इंची म्हणजे नुसती हौस.

एक गोष्ट लक्षात ठेवा. दीड आणि दोन यांत फरक दिसतो अर्ध्या इंचाचा. पण क्षेत्रफळ होतं जवळपास दुप्पट. व्यास थोडा वाढला की क्षेत्रफळ वर्गाच्या हिशेबानं वाढतं, हे याच शाळेत शिकलोय. आणि हा सगळा हिशेब पूर्ण रेसचा. गावातून, बाजारातून जाताना धूर याच्या एक दशांशही नसतो. म्हणजे रोजच्या चालण्यात मोठ्या नळीतला वेग अगदीच मरतो.

आता एक प्रत्यक्ष गोष्ट. आपल्याच एका वर्गमित्रानं वडिलांची पद्मिनी बाहेर काढली. नाव सांगत नाही, तो इथंच बसलाय आणि हसतोय. काकांनी ती गाडी जपून वापरली होती. त्यानं दुसरीकडून इंजिनकाम करून घेतलं, आणि तिथंच दोन इंची नळी आणि मोकळा सायलेन्सर बसवला. गाडी माझ्याकडं आली तेव्हा तक्रार होती, "जिंतूरच्या चढाला दम टाकते, ॲव्हरेज पडलं, आणि आई गाडीत बसत नाही." काकू का बसत नाहीत, विचारलं. म्हणाला, "तिचं डोकं दुखतं, मळमळतं. म्हणते आवाजानं होतं."

मी गाडी उचलली. मॅनिफोल्डचं तोंड लहान आणि त्याला जोडलेली नळी मोठी, मध्ये एक ओबडधोबड वेल्डिंग केलेली पायरी. फ्लँजचं पॅकिंग जळून गेलेलं. कार्ब्युरेटर जुन्याच सेटिंगवर, त्यामुळं प्लग काजळीनं काळे. आणि नळी मागच्या बंपरच्या आतच संपवलेली. वर गाडीच्या फरशीला गंजून दोन बोटं जातील एवढं भोक. काकूंचं डोकं आवाजानं दुखत नव्हतं, मित्रहो. मागच्या सीटवर बसून त्या धूर घेत होत्या.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो. आधी डोकं जड, मग मळमळ, मग झोप, आणि काचा बंद असतील तर त्या झोपेतून माणूस उठेलच असं नाही. थंडीत काचा लावून परभणीपर्यंतचा प्रवास केला असता, तर आज मी हे वेगळ्या स्वरात सांगत असतो. म्हणून नळीचा आकार हा फक्त ताकदीचा प्रश्न नाही. नळी मोठी बसवायची म्हणून जे जोड कसेबसे जमवले जातात, धोका त्या जोडांत असतो.

आम्ही दीड इंची नळी टाकली. वळणं अशी दिली की नळी कुठं चेपली जाणार नाही, कारण चेपलेलं एक वळण दीड इंचाचा सव्वा इंच करून टाकतं. मध्ये पडद्यांचा सायलेन्सर. टोक बंपरच्या बाहेर. फरशी पत्रा लावून बंद केली. नवं पॅकिंग, रबरी हँगर. कार्ब्युरेटर पुन्हा जुळवला, प्लग फिक्या विटकरी रंगाचे येईपर्यंत. काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, विटकरी म्हणजे बरोबर. गाडी घरी नेली तेव्हा काकू ओट्यावर होत्या. गाडी फाट्यावरून वळली आणि त्या उठून दारात आल्या. म्हणाल्या, "असाच आवाज यायचा यांच्या गाडीचा. फाट्यावर ऐकू आला की मी चहा टाकायची." मग त्या मागं बसल्या, आणि आम्ही नेमगिरीपर्यंत जाऊन आलो. चढाला गाडीनं दम टाकला नाही.

आता घरी जाऊन काय करायचं, ते मोजकं सांगतो.

पहिलं, नळी बदलण्याआधी आधीची मोजा. कारखान्यातून आलेली मूळ नळी आणि मॅनिफोल्डचं तोंड, दोन्हींचा आतला व्यास. ज्यांनी ते इंजिन बनवलं त्यांनी हिशेब करूनच नळी दिली होती.

दुसरं, इंजिन वाढवलं नसेल तर नळी वाढवू नका. सीसी तेच, कार्ब्युरेटर तोच, मग धूर जास्त कुठून येणार?

तिसरं, गाडी ओढत नसेल तर आधी अडथळा शोधा. सायलेन्सरच्या आधी प्रेशर गेज लावा. २५०० फेऱ्यांना दाब ३ पीएसआयच्या वर गेला, तर सायलेन्सर आतून तुटून तुंबला आहे. तो बदला, नळी नको.

चौथं, गाडी आठवड्याला एकदा तरी अर्धा तास चालवा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. नळी तापली तर ते वाफ होऊन जातं. घरापासून चौकापर्यंतच गाडी गेली, तर ते पाणी सायलेन्सरमध्ये साचतं आणि आतून गंज धरतो. मोठी नळी उशिरा तापते, म्हणून लवकर गंजते.

पाचवं, कायदा. मोकळ्या सायलेन्सरचा आवाज मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली गुन्हा ठरतो. आणि ज्यांच्या गाड्यांना ५० वर्षं झाली आहेत त्यांच्यासाठी २०२१ पासून विंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण ती मिळायला गाडी मूळ रूपात असावी लागते. अशी नोंदणी झालेली गाडी प्रदर्शन, रॅली अशा कामांसाठीच रस्त्यावर काढता येते, रोज बाजारहाटाला नाही. तेव्हा निर्णय विचार करून घ्या.

आणि तरुण मुलं इथं मागं उभी आहेत, त्यांना एक सांगतो. बुलेटला फटाका सायलेन्सर लावल्यानं गाडीची ताकद वाढत नाही. वाढतो तो फक्त आवाज, आणि तो घरात आजारी पडलेल्या म्हाताऱ्याला जास्त ऐकू येतो. आपल्या गाडीचं इंजिन किती सीसीचं आहे, किती फेऱ्यांना ताकद देतं, हे आधी वहीत लिहा. मग वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा. शाळेतलं गणित कुठं उपयोगाला येतं, असं विचारणाऱ्यांना मी एवढंच दाखवतो.

कुणाच्या शेडमध्ये जुनी गाडी उभी असेल तर भंगारात देण्याआधी मला एक फोन करा. बघायला पैसे घेत नाही.