चक्कर उन्हाची की फवारणीची?

भंडारा जिल्ह्यात धानावर तुडतुडे, खोडकिडा दिसला की फवारणीचे पंप बाहेर निघतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पीक वेगळे असले तरी धोका तोच, कारण विष कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात शिरते. ‘इतकी वर्षे फवारतो, काही झाले नाही,’ असे अनेकजण म्हणतात. पण ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके मज्जासंस्थेला लागणारे कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात आणि ते भरून यायला कित्येक आठवडे लागू शकतात. म्हणूनच लागोपाठच्या फवारण्यांत इजा साचत जाते.

उन्हानेही चक्कर येते, हे खरे. मात्र डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, लाळ गळू लागली, स्नायू फडफडले, दम लागला, तर विषबाधाच समजा. रुग्णाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणा. हातमोजे घालून त्याचे कपडे उतरवा, अंग साबण-पाण्याने धुवा. उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचे लेबल सोबत द्या. ॲट्रोपिनसारखा उतारा द्यायचा का, हे ठरवायला डॉक्टरांना त्याची मदत होते. दमट उकाड्यात मास्क, हातमोजे नकोसे होतात, ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय ते काढून टाकण्याचा नाही. सकाळी किंवा संध्याकाळी, वारा पाठीवर घेऊन फवारण्याचा आहे. शंका आली तरी दवाखाना गाठा. शंका खोटी ठरली तर एक दिवस बुडेल. खरी असताना थांबलात तर जीव जाईल.