जुनी मोटार आणि घरची वही



आज मी जुन्या मोटारीविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हा तर श्रीमंतांचा शौक. आमचं त्यात काय?" पण जरा ऐका. जुनी मोटार पुन्हा चालू करायची तर पैसा लागतोच. त्याहून जास्त लागते ती घरची एकी. आणि लागते एक वही.

आपलं तेर फार जुनं गाव. त्याचं पूर्वीचं नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रावरच्या व्यापाराचं पुस्तक लिहिलं. त्यात तगरचं नाव आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठं गाव आहे, इथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जातं, असं त्यात म्हटलं आहे. त्या गाड्या मोडल्या, बैल गेले, गाडीवान गेले. पण कुणीतरी लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला कळतं.

दुसरी गोष्ट रामलिंगअप्पा लामतुरे यांची. तेरच्या मातीत जुनी नाणी, मणी, मातीच्या मूर्ती सापडत. इतरांना ती माती वाटे. रामलिंगअप्पांनी त्या वस्तू जपून गोळा केल्या. आज त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय आपल्या गावात आहे. जुनी वस्तू टाकाऊ की मोलाची, हे पाहणाऱ्याच्या नजरेवर असतं.

आता मोटारीकडे येऊ. सोलापूरला १८८२ साली वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. आपल्या देशात मोटारी बनाव्यात हा त्यांचा ध्यास. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना झाला. १९४७ साली तिथून पहिली मोटार बाहेर पडली. पुढे तिथे फियाट बनू लागली. तिलाच नंतर पद्मिनी म्हणू लागले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. २००० सालाच्या सुमारास ती बनायची बंद झाली. २०२३ साली मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सीही गेली. म्हणून आता कुणाच्या दारात जुनी फियाट उभी असेल, तर तशी दुसरी नवी मिळणार नाही.

समजा, एका घरी आजोबांची फियाट गोठ्याशेजारी उभी आहे. वीस वर्षं हललेली नाही. कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. एक दिवस भंगारवाला दारात येतो. मुलगा म्हणतो, "देऊन टाकू, पेरणीला पैसे होतील." आजी म्हणते, "ह्याच गाडीतून सून घरात आली. विकू नका." नातू म्हणतो, "आपणच दुरुस्त करू." आता कुणाचं ऐकायचं?

मी म्हणतो, भांडू नका. वही काढा. एका पानावर लिहा, भंगारात किती येतील. दुसऱ्या पानावर लिहा, दुरुस्तीला किती लागतील. चांगला मिस्त्री आणून गाडी दाखवा आणि त्याचा आकडा लिहून घ्या. तिसऱ्या पानावर लिहा, घरात दरमहा किती उरतात. पेरणीचे, औषधाचे, मुलांच्या शाळेचे पैसे मोटारीत घालायचे नाहीत. सावकाराचं कर्ज तर मुळीच नको. तिन्ही पानं आजीसमोर मोठ्याने वाचा. हिशेब नाही म्हणाला, तर गाडी खुशाल विका. त्यात कमीपणा नाही. मात्र मोडीत काढलेल्या गाडीची नोंद आर.टी.ओ. कचेरीत रद्द करून घ्या. नाहीतर गाडी जाईल आणि जबाबदारी मागे राहील.

हिशेब हो म्हणाला, तर आधी कागद पाहा. आर.सी. बुक कुणाच्या नावावर आहे? आजोबा वारले असतील, तर गाडी वारसाच्या नावावर करावी लागते. खाजगी मोटारीची नोंद १५ वर्षांची असते, पुढे ती वाढवून घ्यावी लागते. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि मूळ रूपात असेल, तर तिच्यासाठी २०२१ साली केंद्र सरकारने वेगळा नियम केला आहे. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. त्या नियमात पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि ती नोंद १० वर्षं चालते. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला चालत नाही. प्रदर्शनाला, जुन्या गाड्यांच्या फेरीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. म्हणजे ही कमाईची वस्तू नव्हे. हे आधीच समजून घ्या.

मग काम वाटून घ्या. गाडी खोलण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. जो भाग निघेल त्याला चिठ्ठी बांधा. "डावा दरवाजा, वरचा बोल्ट" एवढं लिहिलं तरी पुरे. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. चिठ्ठ्या लिहिण्याचं काम घरात जो नुकता लिहायला शिकला असेल त्याला द्या. त्याच्या एका चिठ्ठीमुळे मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचेल. गंज घासायला पोरं, गादीची खोळ शिवायला घरातल्या बाया, जुनी आठवण सांगायला आजी. प्रत्येकाचा हात लागला पाहिजे.

फार दिवस उभी असलेली गाडी एकदम चालू करू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल खराब झालेलं असतं, ते काढा. टाकी आणि कार्बोरेटर साफ करा. इंजिनाचं तेल बदला. प्लग काढून आत थोडं तेल सोडा आणि इंजिन हातानेच हळू फिरवून पाहा. उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील, त्या तपासल्याशिवाय बॅटरी जोडू नका. ब्रेकमधलं रबर वाळून जातं, ते नवं घाला. गाडी चालण्याआधी ती थांबली पाहिजे, हे विसरू नका.

आणि जिवाला जपा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी शिरू नका. खाली भक्कम घोडे लावा. पेट्रोलजवळ बिडी नको. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका. त्याचा धूर विषारी असतो आणि माणूस झोपल्यासारखा मरतो.

कोल्हापूरच्या छत्रपतींच्या घराण्याकडे मेबॅक नावाची जर्मन मोटार आहे. राजाराम महाराजांच्या काळातली. दसऱ्याला ती बाहेर निघते आणि लोक पाहायला गर्दी करतात. ते राजाचं घराणं, त्यांची गोष्ट वेगळी. पण एक गोष्ट आपल्यालाही घेता येईल. वर्षातून एकदा का होईना, गाडी चालती ठेवली, तरच ती जिवंत राहते. नुसती झाकून ठेवलेली गाडी गंजते. माणसाच्या विद्येचंही तसंच आहे. शिकलेली अक्षरं रोज वापरली नाहीत, तर तीही गंजतात.

काम एका हंगामात होणार नाही. दोन-तीन वर्षंही लागतील. मध्ये पैसे संपतील, मिस्त्री येणार नाही, घरात कुरबुर होईल. तेव्हा वही उघडा. किती झालं आणि किती राहिलं, ते सगळ्यांनी मिळून वाचा. काम थांबलं तरी चिठ्ठ्या आणि हिशेब जागेवर असले, म्हणजे पुढच्या दिवाळीला तिथूनच सुरू करता येतं.

गाडी शेवटी चालू होईल किंवा होणारही नाही. पण त्या वहीत आजीने सांगितलेली आठवण असेल, बापाने लिहिलेला खर्च असेल, नातवाने काढलेलं इंजिनाचं चित्र असेल. ती वही नीट जपा. आपल्या गावातून भडोचला गेलेल्या गाड्यांची माहिती कागदानेच राखली. तुमच्या घरची माहिती तुम्हीच राखली पाहिजे. आता तुम्हाला लिहिता येतं.

एवढं सांगून मी माझे दोन शब्द संपवतो.