परदेशीं शिक्षणाचा अर्ज
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या युवक-मेळाव्यांतील भाषण)



आजच्या प्रसंगीं मीं धर्मग्रामाच्या इतिहासावर बोलावें, अशी मंडळींची अपेक्षा होती. परंतु अलीकडे माझ्या दारीं ज्या कामासाठीं सर्वांत अधिक माणसें येतात, त्याविषयींच बोलण्याची परवानगी घेतों. तें काम म्हणजे परदेशीं शिक्षणासाठीं करावयाचा अर्ज. कोणास स्नानसंस्काराचा दाखला हवा असतो, कोणास शिफारसपत्र. आणि तेंही आजच संध्याकाळीं!

पहिली अडचण नांवाची. आमच्या नोंदवहींत मुलगा जोसेफ असतो, शाळेच्या दाखल्यावर यशवंत, आणि पासपोर्टावर तिसरेंच कांहीं. हें कसें झालें, तें आपण सर्व जाणतों. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वयें ख्रिस्ती झालेल्यास अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहींत. म्हणून एखाद्या बापानें शाळेंत नांव घालतांना ख्रिस्ती नांव वगळलें. त्या बापास दोष देण्यास माझी जीभ वळत नाहीं. परंतु आज त्याच्या मुलानें त्याच आधारें अनुसूचित जातींच्या परदेशी शिष्यवृत्तीसाठीं अर्ज करावा, आणि मीं नोंदवही मिटून गप्प बसावें, हें व्हावयाचें नाहीं. महाराष्ट्रांत अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना इतर मागासवर्गांत होते, आणि त्या वर्गासाठींही राज्य शासनाची परदेशी शिष्यवृत्ति आहे. तिकडे उजळ माथ्यानें अर्ज करतां येतो. नांव दुरुस्त करावयाचें तर राजपत्रांत जाहिरात देणें वगैरे गोष्टींस महिने लागतात. तें काम आधीं करावें.

दुसरें निवेदनाचें. तीन तरुणांचीं निवेदनें मजपुढें आलीं. तिघांसही म्हणे बालपणापासून संगणकाचें वेड. त्यांतील एक मुलगी परिचारिकेच्या शिक्षणास निघाली होती! दलालाकडून विकत घेतलेल्या पत्रास मीं काय शिफारस जोडावी?

आतां पैसा. आपल्या शहरांत १९५० सालीं महाविद्यालय उघडणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले आणि १९१६ सालीं तेथून लंडनला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली, व १९१७ सालीं अभ्यास अर्धा टाकून त्यांस परत यावें लागलें. मात्र चार वर्षांच्या आंत येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनीं लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेविली होती. मुंबईस प्राध्यापकी करून पैसा सांठविला, शाहू महाराज व एक पारशी मित्र ह्यांचें साहाय्य घेतलें, १९२० सालीं पुन्हां गेले, आणि १९२३ सालीं डी. एस्सी. झाले. त्यांची विद्वत्ता सर्वांच्या तोंडीं आहे. ती परवानगी कोणी आठवीत नाहीं. मला ती फार मोलाची वाटते.

बुरूज बांधणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दाखला आपण ऐकलेला आहे. इंग्लंडच्या व्हिसासाठीं लागणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यावर असावी लागते. तेवढ्या २८ दिवसांपुरती ती व्याजानें आणून दाखविणारीं घरें ह्या शहरांत आहेत. एकोणतिसाव्या दिवशीं सावकार पैसे नेतो, आणि मुलगा तिकडे अभ्यास सोडून रात्रभर भांडीं घासतो; इकडे आईबापांचें घर बँकेकडे गहाण. जर्मनींत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी-फी नाहीं, तरी २०२४ पासून पहिल्या वर्षाच्या निर्वाहासाठीं ११,९०४ युरो आधीं खात्यांत ठेवावे लागूं लागले. फी नाहीं एवढेंच ऐकून निघूं नये.

आणि कोणी अर्धवट सोडून परत आला, तर रविवारीं मिस्सेनंतर त्याच्या आईस खोंचून प्रश्न विचारूं नयेत. परत जाण्याची वाट त्यासही उघडी असूं शकते.

शनिवारीं सायंकाळीं नोंदवही काढून मी कचेरींत बसेन. ज्यांचे अर्ज असतील त्यांनीं सर्व कागद घेऊन यावें. दाखला लगेच मिळेल. शिफारसपत्र मात्र निवेदन वाचून झाल्यावर.