पाच दिवस आणि दोन मिनिटे

पश्चिम ऑस्ट्रेलियाची राजधानी पर्थ. या नगराच्या पूर्वेस, स्वान नदीच्या काठाजवळ, दोन क्रीडांगणे एकमेकांच्या शेजारी नांदत आली आहेत. मध्ये काय तो एक रस्ता. एक आहे वॅका या नावाने जगभर ठाऊक असलेले क्रिकेटचे मैदान. १९७० च्या डिसेंबरात तेथे पहिला कसोटी सामना झाला, आणि ग्रेग चॅपेल या तरुणाने आपल्या पहिल्याच कसोटीत १०८ धावा काढल्या. दुसरे आहे ग्लॉस्टर पार्क. तेथेही शर्यती होतात त्या घोड्यांच्याच. पण महालक्ष्मीच्या घोड्याप्रमाणे हा घोडा पाठीवर जॉकी घेऊन चौखूर उधळत नाही. त्याच्यामागे सल्की नावाची दोन चाकांची, पिसासारखी हलकी गाडी असते, तीत एक सारथी बसलेला असतो, आणि घोड्याने आपली नेमून दिलेली चाल न मोडता ती गाडी ओढीत न्यावयाची असते. या शर्यतींना तिकडील लोक लाडाने ‘ट्रॉट्स’ म्हणतात. ग्लॉस्टर पार्क बांधले गेले १९२९ साली. त्यापूर्वी याच शर्यती रात्री विजेच्या दिव्यांखाली खुद्द वॅकावर होत असत. तेव्हा ही दोन मैदाने नुसती शेजारी नव्हेत, एका घरातून वेगळी निघालेली भावंडे होत.

अशा गावी एक विशिष्ट जातीचा शौकीन निपजला तर नवल नाही. दिवसभर तो कसोटी पाहतो, आणि शुक्रवारची संध्याकाळ झाली की रस्ता ओलांडून घोड्यांकडे जातो. दोन्ही ठिकाणी त्याचा जीव गुंतलेला असतो आणि दोन्ही ठिकाणी त्याच्या खिशातील चार पैसेही गुंतलेले असतात. या गृहस्थाला जुगारी म्हणून हिणवणे सोपे, आणि रसिक म्हणून गौरवणेही सोपे. त्याची खरी अडचण मात्र या दोन्ही शब्दांत सापडत नाही. ज्यावर आपले प्रेम त्यावर पैसे लावावेत, की ज्याची जिंकण्याची शक्यता अधिक त्यावर, हा प्रश्न त्याला प्रत्येक वेळी नव्याने सोडवावा लागतो.

प्रथम घोड्यांकडे वळू. हा घोडा स्टँडर्डब्रेड जातीचा. १८७९ साली अमेरिकेत या जातीसाठी एक प्रमाण ठरविण्यात आले: एक मैल अडीच मिनिटांत काटील तो घोडा प्रमाणात उतरला. यावरूनच जातीला हे नाव पडले. आज चांगला घोडा तेच अंतर दोन मिनिटांच्या आत सहज काटतो. याच्या चाली दोन. एकीत पुढचा उजवा आणि मागचा डावा असे तिरके पाय एकदम उचलले जातात. आपली टांग्याची दुडकी ती हीच. दुसरीत एकाच अंगाचे दोन्ही पाय एकदम पडतात, उंटाचे पडतात तसे. जुने घोडेस्वार या चालीला रवाल म्हणत. ऑस्ट्रेलियातील बहुतेक शर्यती या दुसऱ्या चालीच्या असतात, आणि चाल सुटू नये म्हणून घोड्याच्या पायांत पट्टे अडकविलेले असतात. तरीही घोडा बिथरून चौखूर धावू लागला, तर सारथ्याने त्याला आवरून पुन्हा चालीवर आणले पाहिजे. तोवर बाकीचे घोडे पुढे निघून जातात. अधिक वेगाने पळण्याचा मोह झाला की शर्यत हातची गेली, असा हा विलक्षण खेळ आहे.

पैज लावणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. शर्यतीच्या प्रारंभी एक मोटार मागच्या बाजूस दोन्हीकडे फाटके पसरून धावते. घोडे तिच्यामागून येतात. रेषेवर पोचताच मोटार फाटके मिटून भरकन निघून जाते. त्या क्षणी आतल्या बाजूचा घोडा जवळच्या वाटेने वळण घेतो, आणि बाहेरच्याला प्रत्येक वळणावर अधिक जमीन तुडवावी लागते. आघाडीच्या घोड्याच्या अगदी बाजूला, पुढे कोणाचा आडोसा नाही अशा जागी जो अडकतो, त्याला वारा सारा आपल्या छातीवर घ्यावा लागतो. त्याच्या मागचा घोडा मात्र त्याच्याच आडोशाने सुखाने धावतो आणि शेवटच्या सरळीत बाहेर पडून त्याला मागे टाकतो. अर्थात घोडा कितीही गुणी असला तरी त्याला कोणता क्रमांक मिळाला, सारथ्याने पहिल्या शंभर पावलांत कोणती जागा पटकावली, यावर पुष्कळसे ठरते. मुरलेला शौकीन घोड्याचे नाव शेवटी वाचतो. आधी त्याचा क्रमांक आणि सारथी पाहतो.

पण प्रेम नावावरच जडते. पेलफेस अडिओस नावाचा एक घोडा १९७० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियाचा लाडका होता. त्याने २३९ शर्यतींत भाग घेतला आणि १०८ जिंकल्या. जपमाळेच्या मण्यांइतके हे विजय. परंतु ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या दोन्ही देशांचे घोडे जेथे भिडतात त्या इंटर डोमिनियनची अंतिम शर्यत त्याच्या नशिबी कधीच आली नाही. ही स्पर्धा १९३६ साली पर्थलाच सुरू झाली. पुढे ब्लॅक्स अ फेक या घोड्याने नॅटली रासमुसेन या बाईंच्या सारथ्याखाली ती चार वेळा जिंकली. अशा घोड्यावर सारे गाव पैसे लावते, आणि म्हणूनच त्याच्या विजयातून मिळते ते चणेफुटाणे. प्रेमाला भाव कमी, हा बाजाराचा नियम येथेही चुकत नाही.

हा भाव ठरतो कसा, हेही पाहण्याजोगे आहे. टोटच्या पद्धतीत भाव कोणी बुकी ठरवीत नाही. लावणाऱ्यांचेच पैसे एकत्र जमतात आणि जिंकणाऱ्यांत वाटले जातात. ही बेरीज-वाटणी क्षणोक्षणी करणारे यंत्र जॉर्ज ज्युलियस या अभियंत्याने तयार केले आणि ते प्रथम १९१३ साली न्यूझीलंडात ऑकलंडजवळच्या एलर्सली येथे बसविण्यात आले. गंमत अशी की ज्युलियसचे वडील ख्रिस्ती धर्मगुरू, बिशपच्या पदावरचे; स्वतः ज्युलियसने उमेदीची वर्षे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या रेल्वेत काढली; आणि हे यंत्र त्याने मुळात योजिले होते ते निवडणुकीतील मते मोजण्यासाठी! लोकशाहीच्या उपयोगी न पडलेले यंत्र शर्यतीच्या मैदानावर मात्र कायमचे बसले.

आता श्रोत्यांनी एका हिशेबाची कल्पना करावी. टोटमध्ये दहा हजार रुपये जमले. त्यांतून कर आणि खर्च म्हणून पंधराशे काढून घेतले. उरले साडेआठ हजार. जिंकलेल्या घोड्यावर दोन हजार लागले असतील, तर रुपयाला सवाचार रुपये हाती येतील. जिंकणारा खूष होतो आणि गेलेल्या पंधराशांची आठवण कोणालाच राहत नाही. परंतु शंभर रुपये घेऊन आलेला मनुष्य सरासरीने पहिल्या फेऱ्यात पंच्याऐंशीवर येतो, तेच पुन्हा लावले की सव्वाबहात्तरवर, आणि असे दहा फेरे झाले की त्याच्या हाती वीसही पुरते राहत नाहीत. या घसरगुंडीवरून एखादाच वर चढतो. तोही इतरांपेक्षा अधिक जाणतो म्हणून, नशीबवान म्हणून नव्हे. शुक्रवारी पगाराचे पाकीट घेऊन परस्पर ग्लॉस्टर पार्क गाठणाऱ्याच्या घरी हा हिशेब त्याच्या बायकोला त्याच्याआधी समजतो, कारण वाण्याचे बिल तिच्यासमोर येते.

क्रिकेटकडे वळले की सारेच पालटते. घोड्यांची शर्यत दोन-तीन मिनिटांची. पश्चात्तापाला सवडही मिळत नाही. कसोटी पाच दिवसांची, आणि या पाच दिवसांत भाव नदीच्या पाण्यासारखा वरखाली होत राहतो. शिवाय येथे तिसराही निकाल संभवतो: सामना अनिर्णित. वॅकाची खेळपट्टी कठीण, वेगवान आणि चेंडू छातीपर्यंत उसळविणारी. दुपारी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला तिथले लोक ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात, कारण तो उन्हाने कासावीस झालेल्यांना बरे करतो. गोलंदाजही त्याची वाट पाहत असतात. पैज लावणारा हे सारे हिशेबात धरतो. तो चेंडूमागे चेंडू पाहतो, आकडे टिपतो, आणि तरीही पुष्कळदा फसतो. १९९२ च्या फेब्रुवारीत याच खेळपट्टीवर अठरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने ११४ धावा काढल्या, पण भारत तो सामना ३०० धावांनी हरला. एकट्याचे तेज सबंध संघाचा भाव बदलू शकत नाही. सोळा वर्षांनी, २००८ च्या जानेवारीत, सलग १६ कसोट्या जिंकून आलेल्या ऑस्ट्रेलियाला त्याच वॅकावर भारताने ७२ धावांनी हरविले. ज्याने त्या दिवशी डोके वापरून ऑस्ट्रेलियावर पैसे लावले तो बुडाला, आणि केवळ मायेपोटी भारतावर लावणारा तरला. यावरून मायाच शहाणी, असा सिद्धान्त काढणाऱ्याला मात्र पुढच्या कसोट्यांत तो महाग पडला असता.

या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विलक्षण कथा पर्थच्याच दोन खेळाडूंची आहे. घडली मात्र ती इंग्लंडात. डेनिस लिली हा वेगवान गोलंदाज आणि रॉडनी मार्श हा यष्टिरक्षक. लिलीच्या चेंडूवर मार्शने झेल घ्यावा, असे कसोट्यांत ९५ वेळा घडले. लिलीचे कसोटी बळी ३५५, आणि मार्शने यष्टीमागे बाद केलेलेही नेमके ३५५. १९८१ च्या जुलैत लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर इंग्लंडवर फॉलोऑनची पाळी आली. पिछाडी २२७ धावांची. बुकींनी इंग्लंडच्या विजयास एकास पाचशे असा भाव लावला आणि तो धावफलकावर झळकला. फॉलोऑननंतर कसोटी जिंकण्याचा प्रकार तोवर एकदाच, १८९४ साली सिडनीला, घडला होता. तरीसुद्धा दोनच घोडे पळत असलेल्या शर्यतीत पाचशेचा भाव म्हणजे वेडेपणाच. लिलीने दहा पौंड लावले, मार्शने पाच. आपल्याच संघाच्या विरुद्ध.

पुढे इयन बॉथमने नाबाद १४९ धावा कुटल्या. ऑस्ट्रेलियाला जिंकण्यास केवळ १३० धावा हव्या होत्या. बॉब विलिसने ४३ धावांत ८ बळी घेतले, ऑस्ट्रेलियाचा डाव १११ वर आटोपला आणि इंग्लंड १८ धावांनी जिंकले. लिलीला पाच हजार पौंड मिळाले, मार्शला अडीच हजार.

ही गोष्ट ऐकून पहिली शंका येते ती सर्वांनाच येते. परंतु तिचे उत्तर धावफलकातच आहे. लिलीने त्या सामन्यात दोन्ही डावांत मिळून ७ बळी घेतले. त्याहून बोलकी गोष्ट शेवटच्या डावातली. ७५ धावांत ८ गडी बाद झाले असता लिली फलंदाजीस होता, आणि नवव्या जोडीसाठी त्याने रे ब्राइटबरोबर झपाट्याने ३५ धावा जोडल्या. त्यांतल्या १७ त्याच्या स्वतःच्या. आणखी थोडा वेळ ती जोडी टिकती तर ऑस्ट्रेलिया जिंकले असते आणि लिलीचे पाच हजार पौंड त्याच्याच बॅटीने बुडविले असते. खिसा एकीकडे ओढीत असता हात दुसरीकडे राबत होते. कोणीही त्याच्यावर हरण्याचा आळ घेतला नाही. तथापि आज कोणताही खेळाडू अशी पैज लावू शकत नाही. लावली तर त्याला मैदानाबाहेर काढतात, आणि ते योग्यच. कारण लिलीच्या हातांविषयी खात्री देता येते. दुसऱ्याच्या हातांविषयी ती कोणी द्यावी?

ही खात्री फुटली की काय होते, हे दोन्ही खेळांनी पाहिले आहे. २००० साली दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने बुकींकडून पैसे घेतल्याची कबुली दिली, आणि ज्यांनी त्याचे सामने रात्र रात्र जागून पाहिले होते त्यांना आपण नेमके काय पाहिले, हेच कळेनासे झाले. गाडीच्या घोड्यांच्या शर्यतीत सारा कारभार सारथ्याच्या दोन मुठींत असतो. लगाम किंचित ओढला तर प्रेक्षकाला दिसतही नाही. घोड्याला थकवा उशिरा यावा म्हणून त्याला नळीने खाण्याचा सोडा पाजण्याची युक्तीही निघाली. ती पकडण्यासाठी शर्यतीपूर्वी घोड्याचे रक्त तपासू लागले. २०११ साली न्यू साउथ वेल्समध्ये तपासणारेच लाच घेतात, असे उघडकीस आले. त्या दिवसांत हरलेल्या शौकिनाला आपण अज्ञानाने हरलो की फसवणुकीने, याचा निर्णय करता येईना. आणि पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा हे दुःख मोठे.

२०१७ च्या डिसेंबरात वॅकावर पुरुषांची शेवटची कसोटी झाली. पुढच्या वर्षापासून पर्थच्या कसोट्या नदीपलीकडच्या नव्या, प्रचंड मैदानावर होऊ लागल्या. नदीवर त्यासाठी पादचाऱ्यांचा पूलही बांधला गेला. शेजार तुटला, पण वाट राहिली. २०२४ च्या नोव्हेंबरात, २२ तारखेला, शुक्रवारी, भारताची कसोटी तेथे सुरू झाली. भारत १५० धावांत आटोपला तेव्हा अनेकांनी मनातल्या मनात निकाल लिहून टाकला असेल. संध्याकाळी खेळ थांबला तेव्हा ऑस्ट्रेलियाचे ६७ धावांत ७ गडी बाद झाले होते. एका दिवसात सतरा गडी! चौथ्या दिवशी भारत २९५ धावांनी जिंकणार होता, पण त्या संध्याकाळी ते कोणालाच ठाऊक नव्हते. दुपारी डोके लढवून ऑस्ट्रेलियावर पैसे लावणारा एखादा जुना शौकीन त्या वेळी पूल ओलांडून पूर्व पर्थकडे निघाला असेल, तर त्याच्या खिशातले तिकीट दुपारइतके मोलाचे उरले नव्हते. वार मात्र शुक्रवार होता, आणि शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे ग्लॉस्टर पार्कची.