मेंदूच्या अरुंद रक्तवाहिनीत स्टेंट : अपेक्षा किती ठेवावी?

(वाशीम येथे नागरिकांसमोर दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानातील संपादित भाग)



हृदयात 'स्प्रिंग बसविली' हे शब्द आता रिसोड, मंगरूळपीर, कारंजा येथील घराघरांत परिचयाचे झाले आहेत. साहजिकच लकव्याच्या रुग्णाचे नातलग विचारतात, "डॉक्टरसाहेब, हृदयात बसते, मग मेंदूत का नाही?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही.

मेंदूतील प्रमुख धमन्या जेमतेम तीन मिलिमीटर व्यासाच्या असतात. हृदयाच्या धमनीपेक्षा त्यांची भिंत पातळ असते, त्या द्रवात तरंगत असतात आणि त्यांना भोवतालच्या स्नायूंचा आधार नसतो. त्यांतून केसासारख्या बारीक शाखा निघून मेंदूच्या खोल भागाला रक्त पुरवितात. आत साचलेला मेदाचा थर जाळीने बाजूला दाबला गेला की तोच थर या शाखांच्या मुखाशी सरकून त्यांना बुजवू शकतो. आशियाई लोकांमध्ये मेंदूच्या आतील धमन्या अरुंद होण्याचे प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा अधिक आढळते, म्हणून हा विषय आपल्या दारातला आहे. मानेतील धमनीच्या स्टेंटची गोष्ट वेगळी. त्याचे नियम येथे लावू नयेत.

आता अनुभव काय सांगतो ते पाहू. २००५ मध्ये अमेरिकेत 'विंगस्पॅन' या मेंदूसाठीच्या स्टेंटला मर्यादित मान्यता मिळाली आणि मोठी आशा निर्माण झाली. त्यानंतर 'सॅम्प्रिस' नावाची चाचणी घेण्यात आली. ज्यांची धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद झालेली आहे आणि ज्यांना नुकताच झटका येऊन गेला आहे, असे ४५१ रुग्ण तिच्यात होते. अर्ध्यांना कसून औषधोपचार, उरलेल्यांना त्याच औषधांसह स्टेंट. पहिल्या ३० दिवसांत पक्षाघात वा मृत्यू यांचे प्रमाण स्टेंटच्या गटात १४.७ टक्के, तर केवळ औषधांच्या गटात ५.८ टक्के निघाले. एप्रिल २०११ मध्ये नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले. आपल्याच उपचाराची अशी कठोर परीक्षा घेऊन निकाल जगापुढे मांडणे, हे मला विज्ञानाचे खरे सामर्थ्य वाटते.

म्हणून स्टेंट निरुपयोगी ठरला काय? तसे नाही. पुढे अनुभवी हातांनी, झटक्यानंतर काही आठवडे थांबून आणि रुग्ण पारखून घेतल्यावर धोका बराच कमी झाला. तथापि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी चाचणीत अशा निवडक रुग्णांतही स्टेंटमुळे औषधांहून अधिक लाभ दिसला नाही. २०२४ मध्ये चीनमधूनच स्टेंटशिवाय केवळ फुग्याने धमनी अलगद रुंदावण्याचे आशादायक निष्कर्ष आले. तो मार्ग अजून पारखला जात आहे. आजची स्थिती अशी, की औषधे नीट घेऊनही ज्याला पुन्हापुन्हा झटके येतात, त्याच्यासाठीच हा उपाय राखून ठेवावा.

एक गोष्ट मी मुद्दाम आग्रहाने सांगतो. स्टेंट हा पुढचा झटका टळावा म्हणून असतो. लुळा पडलेला हात त्याने उठत नाही, गेलेली वाचा त्याने परत येत नाही. मेलेल्या पेशी जाळी बसवून जिवंत होत नाहीत. तेथे व्यायामोपचार आणि घरच्यांचा धीर हेच कामी येतात. "बाबा चालू लागतील" या आशेवर सोयाबीनचा एकर विकायला निघालेली कुटुंबे पाहिली की मन विषण्ण होते. विक्रीपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : औषधे पूर्ण मात्रेत, पुरेसे दिवस देऊन पाहिली काय? येथे अशा किती प्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी किती रुग्णांना अपाय झाला? आणि काहीच केले नाही तर धोका किती? उपचार शासकीय योजनेत बसतो काय, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारण्यातही संकोच नसावा.

प्रक्रिया ठरलीच तर काय होते? काही दिवस आधीपासून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सुरू होतात. बहुधा पूर्ण भूल देतात. जांघेतील वा मनगटातील धमनीतून बारीक नळी क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत मेंदूपर्यंत नेली जाते. कवटी उघडावी लागत नाही. त्यासाठी सोडलेल्या औषधी रंगाचा मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून मधुमेही व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आपल्या सर्व गोळ्यांची यादी आधीच दाखवावी. नंतर अतिदक्षता विभागात रक्तदाबावर कडक लक्ष असते, कारण अचानक वाढलेल्या प्रवाहाने रक्तस्राव होऊ शकतो. जांघेतून नळी घातली असल्यास काही तास पाय सरळ ठेवावा लागतो.

घरी आल्यावर मुख्य काम गोळ्यांचे. दात काढायचा आहे म्हणून, वा 'आता बरे वाटते' म्हणून, डॉक्टरांना न विचारता गोळी बंद केली तर जाळीतच गुठळी होऊ शकते. धमनी पुन्हा अरुंदही होऊ शकते; तपासणी चुकवू नये. खर्रा आणि विडी सोडावी, लोणचे-पापड बेताने खावे, रक्तदाब व साखर काबूत ठेवावी. त्या चाचणीतील औषधांच्या गटाने कमावले ते याच मार्गाने.

आणि झटका आलाच तर? तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोबडी वळणे, एकाएकी तोल जाणे किंवा दिसेनासे होणे, यांपैकी काहीही दिसले तर वेळ टिपून ठेवा आणि १०८ ला दूरध्वनी करा. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. लक्षणे दहा मिनिटांत निवळली तरी रुग्णाला न्यायचेच, कारण तो मोठ्या झटक्याचा निरोप असू शकतो. मालेगाव-कारंजा पट्ट्यातून समृद्धी महामार्ग गेल्याने नागपूर जवळ आले आहे. परंतु आधी जवळच्या सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात पोहोचावे. रक्तस्राव आहे की गुठळी, हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि तोवर ऍस्पिरीनची गोळीही देऊ नये.