जुन्या मोटारसायकलीचा क्लच : दोष व जुळवणी

(चेंबूर येथे ज्ञातिबांधवांपुढे केलेले भाषण)



वडिलांनी घेतलेली बुलेट किंवा येझदी आपल्यापैकी कित्येकांच्या दारी आजही उभी आहे. पूर्व मुक्त मार्ग २०१३ साली खुला झाला, परंतु दुचाकीला तेथे मज्जाव. सबब शहराकडे जाताना या गाड्यांच्या वाट्यास शीव-ट्रॉम्बे मार्गावरील सिग्नल येतात, आणि त्या थांबण्या-निघण्यात क्लच झिजतो. तो बिघडताच प्लेटा बदलण्याचा सल्ला मिळतो. जुन्या येझदी घडविणारा म्हैसूरचा कारखाना तर १९९६ सालीच बंद झाला. अस्सल भाग मिळणे दुष्कर. म्हणून खर्चापूर्वी पाव तास गाडीपाशी बसावे, एवढेच आमचे मागणे आहे.

दोष दोन, आणि ते परस्परविरुद्ध. इंजिनाचा आवाज चढूनही गाडी वेग घेत नसेल, तर क्लच घसरतो आहे. लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढत असेल, न्यूट्रल सापडत नसेल, तर क्लच पुरता सुटत नाही. हा दुसरा दोष सिग्नलवर पुढील वाहनावर आदळविण्यास पुरेसा आहे.

केबल ताणून लांबली की लिव्हरचे ढिलेपण वाढते, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु प्लेटा झिजल्या की ते उलट कमी होते! प्लेटांचा थर बारीक होताच दाब देणारी तबकडी आत सरकते, मधला दांडा मागे रेटला जातो आणि केबल सदैव ताठ राहते. मग क्लच अर्धवट दाबल्यासारखा राहून उरल्यासुरल्या प्लेटाही जळतात.

सबब प्रथम केबल पूर्ण ढिली करावी. दांड्याचा जुळवणी-स्क्रू (त्याची जागा गाडीगणिक निराळी) टेकेपर्यंत फिरवून सुमारे अर्धा फेरा मागे घ्यावा व नट आवळावा. मग लिव्हरच्या मुळाशी २ ते ३ मिलिमीटर ढिलेपण राहील इतकीच केबल ताणावी. नुसती केबल ओढून गिऱ्हाइकास वाटेला लावणारे कारागीर आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. येझदीत पायाने गिअर दाबतानाही क्लच सुटतो; तेथे हात व पाय दोन्ही तपासावे.

बुलेट सकाळी थंड असता प्लेटा तेलाने चिकटतात. इंजिन बंद ठेवून, लिव्हर दाबून दोन-चार किका माराव्यात, त्या सुटतात. तो बिघाड नव्हे. जुळवणीनंतरही घसरण राहिली, तर आधी तेल पाहावे. मोटारीसाठीचे, घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले तेल पडले असल्यास ते बदलावे, आणि त्यानंतरच झाकण उघडून प्लेटा व स्प्रिंगा तपासाव्यात.