गाडी उभी असली तरी तिचं वय वाढतंच

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला ‘गाडीची निगा’ या विषयावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. ३१ वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काढली, पण तिथे तोंडाचं काम कमी आणि पान्याचं जास्त. मग ते म्हणाले, “अहो, तुम्ही पार्किंगमध्ये उभं राहून जे सांगत असता, तेच इथे बसून सांगा.” म्हणून आलो.

२५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये चारचाकी किती होत्या, आठवतंय? चार. बाकी सगळ्या स्कूटर आणि सायकली. उरलेल्या जागेत मुलं क्रिकेट खेळायची आणि त्या चारांपैकी एकीची काच दर मे महिन्यात फुटायची. आज पार्किंगवरून दर वार्षिक सभेत वाद होतो. पण गेल्या रविवारी मी मुद्दाम दोन्ही विंगमधून चक्कर मारली, तर निम्म्याअधिक गाड्यांवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. ती क्रिकेट खेळणारी मुलं आता बंगळुरूला, नाहीतर परदेशात. आपण घरी. ऑफिसला जाणं संपलं, भाजी दारात येते, गाडी महिन्यातून दोनदा बाहेर पडते. आणि मग प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं: “गाडी चालतेच कुठे, सर्व्हिसिंग कशाला?”

हे वाक्य मीसुद्धा बोललो होतो. त्याची मला काय किंमत पडली असती, ते आधी सांगतो.

मी निवृत्त झाल्यावर गाडी घेतली. पाच वर्षांत ती फक्त १४ हजार किलोमीटर चालली होती. दरवर्षी ऑइल बदलायचो, पण बाकी काही नाही. मे महिन्यात आम्ही चिपळूणला निघालो. मी, सौ., मुलगी आणि मागच्या सीटवर सहा वर्षांचा नातू. निघायच्या पंधरा दिवस आधी सौ. जुन्या कात्रज घाटातून गाडी घेऊन आली होती. घरात आल्याबरोबर म्हणाली, “अहो, उतरताना ब्रेक मऊ लागत होता. पाय जास्त खाली जात होता.” मी दुसऱ्या दिवशी सकाळी खाली जाऊन पॅडल दाबून पाहिलं. कडक. लेव्हल पाहिली. बरोबर. वर येऊन तिला सांगितलं, “तुझा भास आहे.” वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवलेला माणूस मी, माझ्यापुढे ती काय बोलणार?

पाटण, कोयनानगर, हेळवाक करत आम्ही दुपारी कुंभार्ली घाटाला लागलो. पुढे भरलेला ट्रक, म्हणून माझा पाय सारखा ब्रेकवर. अर्धा घाट उतरलो आणि एका वळणाच्या आधी पॅडल दाबलं, ते स्पंजावर पाय द्यावा तसं थेट खाली गेलं. गाडी थांबेना. नातू मागे गाणं म्हणत होता. मी पॅडल भराभर दाबत राहिलो, गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात डावी चाकं उतरवली. गाडी थांबली. ट्रक पुढे निघून गेला. कोणी काही बोललं नाही. नातवाने तेवढं विचारलं, “आलं का चिपळूण?”

आणि गंमत बघा, गंमत म्हणायची का ते तुम्ही ठरवा. पाऊण तासाने पॅडल दाबून पाहिलं तर पुन्हा कडक. जसं काही झालंच नव्हतं. तेव्हा मला सौ.चं वाक्य कळलं. तिला गरम ब्रेक लागला होता, मी थंड ब्रेक तपासला होता. तिचं निदान बरोबर होतं, माझं चुकलं होतं. पोफळीपर्यंतचा उरलेला घाट आम्ही पहिल्या गिअरमध्ये, रांगत उतरलो आणि चिपळूणला आधी गॅरेज गाठलं.

काय झालं होतं? ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो, ते हवेतला ओलावा शोषून घेतं. गाडी चालो न चालो, ते शोषतच राहतं, कोकणात आणि पावसाळ्यात जास्त. आपल्या गाड्यांत साधारण डॉट ३ किंवा डॉट ४ जातीचं ऑइल असतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ३ ची २०५ वरून १४० वर. घाटात सारखा ब्रेक दाबला की चाकाजवळ एवढी उष्णता सहज होते. ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही म्हणून तर ब्रेक लागतो. वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पॅडल खाली जातं आणि चाकाला काहीच पोचत नाही. थंड झालं की वाफेचं परत ऑइल होतं, आणि तुमच्या-माझ्यासारख्यांना भास वाटतो.

गाडीबरोबर मिळणारं पुस्तक आपण कव्हरसकट कप्प्यात ठेवतो. त्यात प्रत्येक ओळीत लिहिलेलं असतं: इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यांपैकी जे आधी होईल ते. आपण पहिला आकडा वाचतो, दुसरा सोडतो. आपल्या सोसायटीतल्या गाड्यांना दुसराच आकडा लागू आहे. म्हणून महिन्यांवर चालणाऱ्या गोष्टी सांगतो.

ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदला. खर्च फार नाही. आणि लेव्हल कमी झाली म्हणून नुसतं वरून भरून मोकळे होऊ नका. लेव्हल उतरते याचा अर्थ एकतर पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळती आहे. भरलंत तर खूण पुसली जाते.

इंजिन ऑइल वर्षातून एकदा, गाडी दोन हजारच चालली असली तरी. उलट जवळच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, त्यामुळे आतला ओलावा उडून जात नाही आणि ऑइल लवकर बिघडतं.

टायरची नक्षी छान दिसते, म्हणून टायर चांगला असं नाही. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे पाहा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. पाच-सहा वर्षं झाली की रबर कडक होतं, बारीक भेगा पडतात. घरी जाताना सगळ्यांनी आपापला आकडा पाहा, स्टेपनीचासुद्धा. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. ती टायर थंड असताना तपासायची.

बॅटरी तीन ते पाच वर्षं टिकते. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म तिच्यातून थोडं थोडं पीत असतात. बरेच जण रविवारी खाली येऊन पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतात आणि बंद करतात. त्यात फायद्यापेक्षा तोटा जास्त: सेल्फ मारताना जेवढी खर्च होते तेवढी पाच मिनिटांत भरून येत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणा. तळघरातल्या पार्किंगमध्ये तर इंजिन उभं ठेवून चालवूच नका. तो धूर वास न येताही जीव घेऊ शकतो.

आणि गाडी महिनाभर ठेवून मुलांकडे जाणार असाल तर हँडब्रेक ओढून जाऊ नका, पावसाळ्यात लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये टाकून चाकाला पुढे-मागे दगड लावा.

आता खुणा. एस.टी.त ड्रायव्हर गाडी डेपोत लावताना तक्रार लिहून जायचा. चांगला ड्रायव्हर ‘गाडी बरोबर नाही’ असं लिहीत नसे. तो लिहायचा, ‘चढावर तिसऱ्या गिअरमध्ये आवाज, गरम झाल्यावर.’ तेवढ्यावर आमचं अर्धं काम व्हायचं. आपणही तसंच पाहायचं: केव्हा, कुठे, थंड की गरम.

सकाळी गाडी काढल्यावर जागेकडे एकदा मागे वळून पाहा. एसीखाली स्वच्छ पाणी असेल तर चिंता नको. हिरवं किंवा गुलाबी पाणी म्हणजे कूलंट. काळपट तेल म्हणजे इंजिन ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, निसरडं काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. गाडी बाहेर काढूच नका.

आवाज ऐका. सेल्फ मारताना नुसतं ‘कट-कट’: बॅटरी किंवा तिची टर्मिनलं. सकाळी सुरू करताना ‘चिर्र’: बेल्ट. स्टिअरिंग पूर्ण वळवून जाताना ‘टक-टक-टक’: ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. ब्रेक लावताना सारखी शिट्टी: पॅड संपत आलेत. वेग वाढेल तसा वाढणारा ‘घुंऽऽ’: चाकाचं बेअरिंग, किंवा वाकडा झिजलेला टायर.

सायलेन्सरचा धूर पाहा. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा येत असेल तर कूलंट आत शिरत असेल. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ दिसते, तिला घाबरू नका.

समोरचे दिवे. पिवळा लागला तर लवकर गॅरेजला दाखवा. लाल लागला तर बाजूला घेऊन थांबा. तेलाच्या झारीचं लाल चित्र चालू गाडीत लागलं, तर ‘घरापर्यंत जाऊ’ म्हणणाऱ्याला नवं इंजिन पडतं. काटा लालवर गेला, गाडी हीट झाली, तर इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास शांत बसा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. वर्कशॉपमध्ये त्यामुळे भाजलेले हात मी पाहिलेत.

घाटासाठी एक नियम: ज्या गिअरने चढलात, त्याच गिअरने उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करू नका. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं. आणि ब्रेक गेलाच, तर इंजिन बंद करू नका, स्टिअरिंग जड होतं. पॅडल पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक एकदम नको, हळूहळू ओढा. ऑटोमॅटिक असेल तर खालचा गिअर टाका. तो आपल्या गाडीत कुठे आहे, हे आज घरी गेल्यावर पाहून ठेवा. घाटात शोधायला वेळ नसतो.

गॅरेजमध्ये ‘सगळं बघून घ्या’ असं सांगू नका, बिल सगळ्याचंच येतं. काय होतंय ते कागदावर लिहून द्या, आणि बदललेला जुना पार्ट परत मागा. गाडीत एक वही ठेवा: तारीख, किलोमीटर, काय केलं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी स्वतः लिहिलंय, ‘ब्रेक मऊ, उतरल्यावर. सौ.’ ती तक्रार उशिरा नोंदली, पण नोंदली. तेव्हापासून घरातल्या कोणीही गाडीबद्दल काही सांगितलं की मी आधी लिहितो, मग तपासतो, आणि ज्या परिस्थितीत झालं त्याच परिस्थितीत तपासतो.

शेवटी कमिटीला एक विनंती. रौप्यमहोत्सवानिमित्त आपण कमान रंगवली, दिवे लावले, छान झालं. त्यातून थोडे पैसे उरले असतील तर वॉचमनच्या केबिनमध्ये हवेचा पंप, गेज आणि जंप स्टार्टच्या केबल ठेवूया. महिन्याचा पहिला रविवार, सकाळी नऊ ते दहा, मी पार्किंगमध्ये असेन. पान्याला हात लावणार नाही, डॉक्टरांनी मनाई केलीय. पण पाहीन, ऐकेन, सांगेन. ज्यांची मुलं लांब आहेत त्यांनी तर जरूर यावं. रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर आपल्याकडची तीच गाडी सुरू व्हायला हवी.

२५ वर्षांत आपण एकमेकांचे पुष्कळ आवाज ओळखायला लागलो. जिन्यावरची पावलं ऐकून कोण आलं ते कळतं. गाडीचा आवाज ओळखायला त्याहून कमी वेळ लागतो.

आता चहा घेऊ, आणि नंतर सगळे खाली जाऊन टायरवरचा तो चार आकडी नंबर पाहू.